लागल्यास

नर्सबाईंनी वाक्य पुरं केलं तेव्हा तीनवार खोलीत नव्हते. ते संडासात होते, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या वाक्याच्या न ऐकलेल्या अर्ध्या भागातून उगवला.

तीनवार हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. जुन्या सामानाच्या लिलावघरात हातोडा धरून ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिसरा वार ते असा खणखणीत टाकत, की घेणाऱ्याला आपण जिंकलो असं वाटे आणि न घेणाऱ्याला आपण वाचलो असं. माणसं ओळखण्यात त्यांचा हातखंडा. कोण नाक खाजवतोय आणि कोण बोली लावतोय, हे त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत अचूक कळे. फक्त स्वतःच्या शरीराशी त्यांचा व्यवहार कधी चोख नव्हता. प्रोस्टेट वाढत गेलं, धार बारीक होत गेली, लिलावाच्या मध्येच पाणी प्यायच्या बहाण्याने मागे जाऊन यावं लागू लागलं, तरी ते बायकोला सांगत, "घर जुनं झालं की नळही कुरकुरायचाच." एक दिवस नळ बंदच पडला. मग दवाखाना, शस्त्रक्रिया, नळी, नळीला पिशवी, आणि पिशवीतल्या पाण्याच्या रंगावर रोज सकाळी घरच्यांची गंभीर चर्चा. ज्या गोष्टीचं नाव त्यांनी बायकोपुढेही कधी धड घेतलं नव्हतं, तिच्यावर आता मेहुणाही मत देऊ लागला होता. "काल गुलाबी होतं भाऊजी, आज बघा कसं सरबतासारखं आहे."

शेवटी नळी निघाली आणि घरी सोडायचा दिवस आला. बायको बिलाच्या खिडकीपाशी रांगेत होती. नर्सबाई पाकिटं पलंगावर मांडून भराभरा सांगत होत्या. "ही सकाळी. ही रात्री झोपताना, आणि ही घेतल्यावर ताडकन उठायचं नाही, चक्कर येते. ही पूड पोट साफ राहायला, तिथे बसून जोर करायचा नाही. आणि ही पिवळी रोजची नाही हं. लागली तरच. लागली की एक घ्यायची, आणि..."

नेमकी तेव्हाच त्यांना लागली. नळी निघाल्यापासून ती अशीच येई, जप्तीवाल्यासारखी, आधी निरोप नाही की दाराची कडी वाजवणं नाही. "आलोच," म्हणून ते कमरेची नाडी सावरत पळाले. परत आले तेव्हा नर्सबाई पुढच्या पलंगाशी दुसऱ्या कोणाला तरी जोर करू नका म्हणून सांगत होत्या. गोळ्यांच्या कागदावर पिवळीपुढे एकच शब्द लिहिलेला होता. लागल्यास.

यात न कळण्यासारखं काय होतं? तीनवारांना सगळं कळलं.

घरी आल्यावर बायकोने औषधखातं आपल्या ताब्यात घेतलं. सकाळची, रात्रीची, पूड, सगळं फडताळात गेलं आणि वेळच्या वेळी बशीतून पुढे येऊ लागलं. पिवळीचं पाकीट तेवढं तिने त्यांच्या हातात दिलं. "ही तुमच्यापाशीच असू द्या. लागली का नाही, ते मेलं मला कसं कळणार?"

"खरं आहे," तीनवार म्हणाले आणि पाकीट सदऱ्याच्या खिशात टाकलं.

पहिले काही दिवस बरे गेले. लागली की ते गोळी घेत, आणि घाई खरोखरच जरा थांबे. तीनवारांना औषधाबद्दल आदर वाटू लागला. मग हळूहळू तोंड कोरडं पडायला लागलं. जीभ टाळ्याला अशी चिकटे की तिला सोडवायला पाणी प्यावं लागे. पाणी प्यायलं की लागे. लागली की गोळी. गोळी घेतली की तोंड कोरडं. हे चक्र एवढं गुळगुळीत फिरू लागलं की त्यात काही चुकतंय अशी शंकाही आली नाही. उलट आपण सांगितलेलं पथ्य किती काटेकोर पाळतोय असंच वाटलं. पाकीट संपलं की ते कागद घेऊन कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जात आणि नवं आणत. तेवढाच पायाला व्यायाम.

"आज लागली का हो?" बायको स्वयंपाकघरातून विचारी.

"लागते की. सारखीच लागते."

"फार?"

"धड बसू देत नाही."

"मग घेतलीत ना?"

"घेतली."

"बरं केलंत. उगाच अंगावर काढायचं नाही."

दोघांचंही समाधान होई. त्यांचा एवढा लांबचा संसार अशाच समाधानांवर उभा होता.

पण बसू देत नाही हे मात्र शब्दशः खरं होतं. त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. खुर्चीत बसले की उठावंसं वाटे, उठले की खिडकीशी जावंसं, खिडकीशी गेलं की संडासाकडे, आणि तिथे जाऊन उभं राहिलं की काहीच होत नसे. बाहेर यावं तर पुन्हा लागे. वर्तमानपत्रातली अक्षरं मुंग्यांसारखी पळू लागली होती. छाती उगाच धडधडे. टेबलाचे खण ते उघडत, बघत, बंद करत, आणि आपण काय शोधत होतो ते विसरून पुन्हा उघडत.

"काय हरवलंय?" बायको विचारी.

"काही नाही. हवा खेळती राहावी म्हणून उघडतोय."

"खणात हवा?"

तीनवार पुढचा खण उघडत. त्यांना ज्याची मनातून भीती होती तेच झालं होतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यांच्या आधी हातोडा त्यांच्याहून वीस वर्षांनी थोरल्या भावाकडे होता. थोरल्यांचं डोकं म्हातारपणी हळूहळू उसवत गेलं. सुरुवात अशीच झाली होती. खण उघडणं, येरझाऱ्या घालणं, तोंडातला शब्द तोंडातच विरणं. मग एके दिवशी जेवायला बसल्यावर थोरल्यांनी समोरच्या ताटाचा लिलाव पुकारला. घरातली मुलं हसली, एकाने बोलीही लावली. तीनवार तेव्हा तिथेच होते. थोरल्यांनी चमचा आपटून ताट मुलाला दिलं आणि स्वतः उपाशी उठले. त्या दिवसानंतर लिलावघराच्या मालकांनी हातोडा त्यांच्या हातून काढून धाकट्याकडे दिला. थोरल्यांना ते कळलंच नाही. तीनवारांना पक्कं कळलं होतं.

आता हातोड्याच्या रांगेत मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. तो लिलावघरात मालाला चिठ्ठ्या लावायचं काम करी आणि आयुष्यभर हातोड्याकडे असा बघत आला होता जसा उपवासाचा माणूस दुसऱ्याच्या पानाकडे बघतो. माणूस वाईट नव्हता. फक्त भाऊजींच्या तब्येतीची चौकशी करताना त्याचा आवाज थोडा जास्तच मऊ होई.

शनिवारच्या लिलावाच्या दोन दिवस आधी तो घरी आला. एक मोठं हॉटेल बंद पडलं होतं, त्याचं सगळं सामान विकायचं होतं. पलंग, गालिचे, मखमली सोफे, पितळी दिवे, आणि दिवाणखान्यातला भिंतीएवढा आरसा.

"भाऊजी, चेहरा काय हो हा लालबुंद?" तो आत येताच म्हणाला.

"उन्हात बसलो होतो."

"आज ऊन कुठंय?"

"होतं. तू यायच्या आधी."

मेहुण्याने बहिणीकडे बघितलं. तिने भावाकडे. हे बघणं तीनवारांनी टिपलं. नाक खाजवणं आणि बोली लावणं यातला फरक त्यांना अजून कळत होता.

"मालक म्हणत होते," मेहुणा चहा ढवळत म्हणाला, "शनिवारचं फार मोठं काम आहे. भाऊजींना झेपत नसेल तर या खेपेला मी..."

"मालक म्हणत होते की तू म्हणत होतास?"

"मी आपलं त्यांच्या म्हणण्याला मान हलवली."

"अरे, मान हलवली की आपल्या धंद्यात बोली लागते," तीनवार म्हणाले. "शनिवारी मी येतोय. तू चिठ्ठ्या नीट लाव. मागच्या वेळी कपाटाची चिठ्ठी टांगलेल्या घड्याळाला लावली होतीस, गाढवासारखी."

"बघ ताई," मेहुणा हसून म्हणाला, "जीभ बरी आहे अजून."

जीभ बरी नव्हती. ती टाळ्याला चिकटली होती, आणि हे एवढं वाक्य बोलायला त्यांना कपातला चहा तीनदा तोंडाला लावावा लागला होता. मेहुणा गेल्यावर ते संडासात गेले, भिंतीला हात टेकून उभे राहिले, आणि मनातल्या मनात म्हणाले, एवढा एक लिलाव नीट पार पडू दे. डोकं जायचं असेल तर शनिवारनंतर जाऊ दे.

मग बाहेर येऊन त्यांनी गोळी घेतली. लागली होतीच.

शनिवारी लिलावघर गच्च भरलं. जुन्या सामानाचे सगळे व्यापारी आले होते. पुढच्या रांगेत नेहमीप्रमाणे सोफेवाला. हा जुने सोफे घेई, नवं कापड चढवी आणि नव्याच्या भावात विकी. गडी मोठा संशयी. लिलावात दुसरा कोणी हात वर केला की मान वळवून त्याचं तोंड बघितल्याशिवाय पुढची बोली लावत नसे. बायको मागे ऑफिसात बसून होती. औषधाची वेळ चुकू नये म्हणून ती हट्टाने बरोबर आली होती.

मंचावर चढायच्या आधी तीनवारांना लागली, आणि त्यांनी गोळी घेतली. मध्येच लागू नये म्हणून सावधगिरीची आणखी एक घेतली. मग वर चढून, छातीतली धडधड दाबत, हातोडा हातात घेतला. हातोड्याची मूठ ओळखीची होती. तेवढ्याने धीर आला.

पलंग गेले. गालिचे गेले. चिठ्ठ्यांवरचे आकडे दिसत नव्हते, पण मेहुणा वाचून सांगत होता, आणि समोरचे हात पांढुरके का होईना, दिसत होते. तोंडातून शब्द वाळूतून चालल्यासारखे येत होते. सगळं रेटलं जात होतं. मग मोठा मखमली सोफा आला.

सोफेवाल्याने हात वर केला. तीनवारांनी बोली घेतली आणि सवयीने हात उंचावून मागच्या रांगांकडे बघितलं. अगदी मागे, भिंतीपाशी, गडद कोटातला एक भारदस्त माणूस उभा होता. त्याने हात वर केला.

"मागून बोली लागली!"

सोफेवाला चमकला. मान वळवून बघितलं. मग हात वर केला. तीनवारांनी पुन्हा मागे हात केला. त्या माणसाने लगेच हात वर केला. काय तडफ, तीनवारांच्या मनात आलं. असं गिऱ्हाईक हवं. विचार नाही, घासाघीस नाही. तोंडात पुन्हा पाणी आल्यासारखं वाटलं. किती दिवसांनी अंगात तो जुना जोर भरला. सोफेवाला चढवत होता, मागचा माणूस चढवत होता, आणि मधे तीनवार दोघांना खेळवत होते.

सोफेवाला आता मागे वळूनच उभा राहिला. एकेक रांग त्याने डोळ्यांनी झाडून काढली. शेवटी तो गप्प झाला.

"एक वार... दोन वार... तीन वार!" हातोडा पडला. "मागच्या साहेबांना!"

कोणी उठेना.

"साहेब, नाव सांगा," तीनवार म्हणाले.

"कोणाला विचारताय?" सोफेवाला म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण सगळीकडे पोचला. "मागे तर कोणीच नाही. भिंत आहे. भिंतीची बोली घेऊन मला चढवलंत?"

या धंद्यात यापेक्षा वाईट शिवी नाही. भिंतीची बोली म्हणजे नसलेलं गिऱ्हाईक उभं करून असलेल्या गिऱ्हाइकाचा खिसा कापणं. हे करणारे लिलाववाले होते. तीनवार त्यातले नव्हते. सबंध आयुष्यात एकदाही नाही. खुर्च्या सरकू लागल्या. कोणीतरी म्हणालं, "अहो, मग आमचे पलंगसुद्धा?"

तीनवारांनी डोळे चोळून मागे बघितलं. गडद कोटातला माणूस तिथेच होता. तोही डोळे चोळत होता.

भिंतीएवढा आरसा. चिठ्ठी लावून मागे टेकवून ठेवलेला.

मेहुणा झटकन जवळ आला, कानाशी लागला. "भाऊजी, घाबरू नका. म्हणा, मागच्या साहेबांची बोली फोनवरून होती, फोन तुटला. मी सांगतो ऑफिसात. कोण बघायला जातंय?"

सोपं होतं. एक छोटंसं खोटं, आणि डोकं गेल्याचंही कोणाला कळलं नसतं. आणि खरं सांगितलं तर? तर थोरल्यांचं ताट. आज इथे सगळ्यांसमोर चमचा आपटल्यासारखं. पण फोनचं खोटं खपलं तर तीही भिंतीचीच बोली होती, आणि ती मात्र त्यांनी जाणूनबुजून घेतलेली असती.

"भिंत नव्हती," तीनवार म्हणाले. आवाज फाटला, त्यांनी ओठ चाटून पुन्हा सुरुवात केली. "आरसा होता. आरशात मी होतो. मी हात केला की तो हात करत होता, आणि मी त्याची बोली धरत होतो. मला दिसत नाही नीट. डोकंही... डोकं ठिकाणावर नाही माझं. चूक माझी आहे. सोफ्याची बोली रद्द."

एका कोपऱ्यात कोणीतरी खुदकन हसलं, मग थांबलं. बहुतेकांनी खाली बघितलं. सोफेवाला पुन्हा खुर्चीत बसला. तीनवारांनी हातोडा मेहुण्याच्या हातात दिला. "धर. उरलेलं पुरं कर." आणि ते मंचावरून उतरले.

मेहुण्याने हातोडा असा धरला जसं कोणीतरी त्याच्या हातात तान्हं मूल दिलं आहे आणि ते रडतंय.

मागच्या बोळात बायको धावत आली. तीनवार संडासाच्या दारातून बाहेर येत होते आणि पुन्हा आत जात होते. पोट ओटीपाशी दगडासारखं झालं होतं, कपाळ तापलेलं, अंगाला घाम मात्र नाही.

"अहो, झालं काय तुम्हाला? काय बोललात ते मघाशी? डोकं म्हणे ठिकाणावर नाही!"

"थोरल्यांसारखं होतंय मला," ते म्हणाले. "किती दिवस झाले. तुला सांगितलं नाही. थांब, लागलीय मला." त्यांनी खिशातून पिवळं पाकीट काढलं.

"अहो, मग जा ना आत."

"होत नाही ना आत. म्हणून तर गोळी."

बायको थबकली. "कुठे दुखतंय?"

"दुखत नाही. लागलीय म्हटलं."

"काय लागलीय?"

"अगं, काय म्हणजे? लघवीला! लागली की घ्या, असंच सांगितलंय ना? कागदावरही लिहिलंय. लागल्यास."

तिने त्यांच्या हातातून पाकीट काढून घेतलं. त्यातली बहुतेक बिळं रिकामी होती. "हे परवा नव्हतं संपलेलं."

"हे दुसरं आहे."

"अहो!" तिचा आवाज चढला आणि फुटला. "लागल्यास म्हणजे गरज लागल्यास! कळ आली, अगदी सोसवेना, तर! तुम्ही काय दर खेपेला..."

"दर खेपेला," तीनवार म्हणाले. "लागली की."

"आणि मी रोज विचारत होते, लागली का, लागली का!"

"आणि मी सांगत होतो. लागते."

बोळात त्या क्षणी कोणी असतं तर त्याला ही दोघं भांडतायत की हसतायत ते ठरवता आलं नसतं. बायकोने डोळे पुसले, डॉक्टरांना फोन लावला, आणि तीनवारांना हाताला धरून रिक्षापर्यंत नेलं. हॉलमधून मेहुण्याचा आवाज येत होता. दोन वार म्हणून झाल्यावर तीनऐवजी तो चार म्हणाला होता, आणि लोक हसत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पाकीट बघितलं, डोळ्यात उजेड पाडला, नाडी बघितली, ओटीपोटावर हात ठेवला, आणि आधी नळी घातली. पिशवी भरत गेली तसतसा तीनवारांचा चेहरा सैल होत गेला. मग त्या स्टुलावर बसल्या.

"ही गोळी लघवीच्या पिशवीला शांत करते," त्या म्हणाल्या. "ऑपरेशननंतर कधीकधी ती आवळते, कळ मारते, तेव्हासाठी. दिवसातून फार तर दोनदा. तुम्ही तिला इतकी झोपवलीत की ती उठायलाच तयार नाही. वर तोंड कोरडं, डोळ्यांपुढे धुकं, छातीत धडधड, अंगाला घाम नाही, बद्धकोष्ठ, आणि वय झालेल्या माणसाचं डोकं तर ही गोळी चांगलंच भरकटवते. येरझाऱ्या, विसरणं, भलतंच काही दिसणं."

"भलतंच नाही दिसलं," तीनवार म्हणाले. "मीच दिसलो. पण..." ते थांबले. विचारावं की नाही? "पण मग डोकं? माझ्या थोरल्या भावाचं..."

"त्याचं मला माहीत नाही. तुमचं गोळ्यांनी गेलंय, तर गोळ्या गेल्या की परत यायला हवं. आज इथेच राहा, लक्ष ठेवते. नळी दोनतीन दिवस राहील. तरीही डोकं नाही आलं तर मला येऊन सांगा. लपवायचं नाही. तुम्ही पहिल्या दिवशी तोंड कोरडं पडतंय एवढं जरी फोन करून सांगितलं असतं ना, तरी हे टळलं असतं."

"आणि तुम्ही," बायको डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "कागदावर तो शब्द लिहू नका हो. आमच्या घरात तो भलत्याच गोष्टीला लागतो."

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून घेतला, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, असह्य कळ आल्यासच, दिवसात दोनपेक्षा जास्त नाही. मग हसू आवरत म्हणाल्या, "आजपासून सगळ्यांच्याच कागदावर असं लिहीन."

परत यायला डोकं काही घाईत नव्हतं. आधी थुंकी आली. तीनवार एका सकाळी आमसुलाची चटणी बघून नुसते ‘अहाहा’ म्हणाले आणि त्यांच्या तोंडाला खरंच पाणी सुटलं. मग वर्तमानपत्रातल्या मुंग्या हळूहळू आपापल्या ओळीत जाऊन बसल्या. खण बंद राहू लागले. येरझाऱ्या मात्र जरा रेंगाळल्या. नळी निघाल्यावर घाई पुन्हा होतीच, आणि प्रत्येक वेळी लागली की हात आपोआप खिशाकडे जाई. खिसा रिकामा असे. मग ते उठून सरळ संडासात जात. हे एवढं सोपं औषध कोणी आधी सांगितलं नव्हतं.

पण पायातली खरी बेचैनी वेगळीच होती. हातोडा कोणाकडे? मालकांचा निरोप नव्हता. मेहुणा दोनदा येऊन गेला, लिलावाचं काही बोलला नाही, आणि दोन्ही वेळा चहा अर्धा टाकून गेला. जो माणूस पिशवीच्या रंगावर प्रवचन देतो तो गप्प बसला, की काहीतरी शिजत असतं.

तिसऱ्या खेपेला तीनवारांनी त्याला अडवलं. "सांग. मालकांनी हातोडा तुला दिला ना?"

"दिला होता," मेहुणा खुर्चीच्या काठावर बसून म्हणाला. "मी परत केला."

"का रे?"

"भाऊजी, चार म्हणालो मी. चार वार! बाजारात मला चारवार म्हणायला लागलेत." त्याने कपाळाला हात लावला. "आणि त्या सोफेवाल्याने मालकांपुढे जाऊन सांगितलंय, म्हातारा येत असेल तर मी येतो. म्हणाला, ज्याने स्वतःची खोटी बोली भर सभेत फोडली, त्याच्यापुढे हात वर करायला मला मान वळवावी लागत नाही."

तीनवारांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण जीभ टाळ्याला चिकटली. या वेळी गोळीने नव्हे.

त्या दिवशी अर्ध्यावर राहिलेल्या हॉटेलच्या सामानाचा लिलाव पुढच्या शनिवारी ठेवला होता, आणि मालकांनी तीनवारांनाच बोलावलं होतं. मेहुण्याने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. तीनवारांनी तो सरळ करायला लावला. मग मंचावर चढले, पाण्याचा तांब्या जवळ घेतला, आणि समोर बघितलं. मागे, भिंतीपाशी, गडद कोटातला माणूस उभा होता. तीनवारांनी त्याच्याकडे हातोड्याने खूण केली.

"मागच्या साहेबांना आज बोली नाही," ते म्हणाले.

हॉलमध्ये हशा उसळला. सोफेवालाही हसला, पण सवयीने एकदा मान वळवून त्याने खात्री करून घेतली.

पहिलाच माल तो मखमली सोफा. सोफेवाल्याने हात वर केला, मागून खऱ्याखुऱ्या एका हॉटेलवालीने केला, आणि बोली चढू लागली. तीनवार जुन्या तालात आले होते. "एक वार," ते म्हणाले. "दोन वार..."

आणि लागली.

पूर्वीचे तीनवार असते तर पाणी प्यायच्या बहाण्याने मागे सरकले असते, नाहीतर दात आवळून उभे राहिले असते, नाहीतर खिशात हात घातला असता. तीनवारांनी मेहुण्याला बोलावलं, हातोडा त्याच्या हातात ठेवला आणि भर सभेत, ध्वनिक्षेपकासमोर, म्हणाले, "मंडळी, मला लागलीय. लघवीला. आलोच."

ऑफिसाच्या दारात बायकोने पदराने तोंड झाकलं.

ते बोळातून गेले तेव्हा मागून मेहुण्याचा आवाज येत होता. "दोओओन वार..." तो म्हणत होता, आणि ते ‘दोन’ रबरासारखं ताणत होता. धार आली, बारीक, अडखळत, मग जरा बरी. तीनवार घाई न करता उभे राहिले. बाहेर मेहुण्याने श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. "दोओओओन..."

"अरे टाक की तिसरा!" सोफेवाला ओरडला.

"नाही हो," मेहुणा म्हणाला, "मी आकड्यात चुकतो. तिसरा भाऊजीच टाकतील."